दुरुस्तीहून आलेलं खोगीर कसं रुळवायचं? तेल किती लावायचं?

मुळशीवाली | ८ जुलै

नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदाच. इथे घोडेवाले किती आहेत माहीत नाही, पण विचारून बघते.

माझ्या मामांचं एक जुनं इंग्लिश पद्धतीचं खोगीर आहे, वीसेक वर्षांचं असेल. लेक (१४ वर्षं) घोड्यावर बसायला शिकली तेव्हा मामांनी ते तिला दिलं. घोडी मारवाडी क्रॉस आहे, नाव तारा, मुळशीच्या बाजूला एका तबेल्यात ठेवलीय. मे महिन्यात बघितलं तर तंग (पोटाखालून खोगीर आवळतात तो पट्टा) अडकवायच्या पट्ट्यांची भोकं ताणून लांबट झालेली, खालच्या गाद्यांची शिवण उसवलेली आणि आतल्या लोकरीच्या गुठळ्या झालेल्या. म्हणून दुरुस्तीला दिलं. सहाच्या सहा पट्टे नवे, गाद्यांमधली जुनी लोकर काढून नवी भरली, सीटची शिवण परत घातली. पाच आठवडे लागले, परवाच्या रविवारी हातात आलं.

काम दिसायला सुरेख आहे. पण पट्टे इतके कडक की बकल आत सरकत नाही, लेकीच्या बोटांना फोड आले. गाद्या टम्म फुगल्यात, त्यामुळे खोगीर घोडीवर उंच बसतं आणि जरा डुलतं. आणि बसलं की करकर करकर आवाज, आधी हा आवाज अजिबात नव्हता.

तबेल्यात एक जण म्हणाला रात्रभर तेलात बुडवून ठेवा, दुसरा म्हणाला काही करू नका, पावसात दोनदा भिजलं की आपोआप मऊ होईल. मला दोन्ही ऐकून भीतीच वाटली. नक्की काय करायचं? आणि किती दिवसांत रुळतं?

---

चिंचोका | ८ जुलै

नवी कोल्हापुरी आणली की आमच्याकडे आतून एरंडेल लावून रात्रभर ठेवतात, सकाळी पायात. चामडं ते चामडं, तेच करा की.

---

टाके_घालणारी | ८ जुलै

चिंचोका, नको नको, थांबा! चपलेचं गणित खोगिराला लावू नका. चप्पल सैल झाली तर फार तर पायातून निसटेल, तंगाचा पट्टा सैल झाला तर पोरगी खाली येईल.

मी बारा वर्षं हाताने चामड्याच्या बॅगा आणि पट्टे शिवते, खोगिरं नाही, पण चामडं तेच. बुडवण्याचा तोटा असा की चामड्याची ताकद त्याच्या तंतूंच्या विणीत असते आणि थोडं तेल त्या तंतूंना एकमेकांवर घसरायला मदत करतं, म्हणून ते लवचीक होतं. पण तेल जास्त झालं की तंतू नुसतेच घसरत राहतात, चामडं थुलथुलीत होतं, ओढलं की लांबतं आणि परत येत नाही. वर जास्तीचं तेल शिवणीत उतरतं आणि दोरा कुजवतं, पितळी खिळ्यांभोवती तो हिरवा चिकट थर येतो तोही त्यातूनच. आणि एकदा आत गेलेलं तेल बाहेर काढता येत नाही हो, कमी पडलं तर उद्या परत लावता येतं.

तुमच्या पट्ट्यांना हे करा. सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या, ग्लिसरीनच्या साबणावर घासा (फेस येऊ द्यायचा नाही, फेस आला म्हणजे पाणी जास्त झालं) आणि पट्टा पुसा. मग मेण असलेला लेदर बाम बोटावर घेऊन अगदी पातळ चोळा. खरखरीत बाजूने जास्त शोषला जातो म्हणून तिकडून सुरुवात करा. रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. दोन दिवसांनी परत एकदा. एवढंच. बाकीचा मऊपणा हाताने आणायचा, पट्टा दोन्ही हातात धरून पुढे मागे वाकवत राहायचा, टीव्ही बघताना बसा घेऊन.

---

पेठेतला_पंत | ८ जुलै

धाग्याचं नाव वाचून आलो, मला घोड्यातलं काही कळत नाही, पण शब्दाचा मोह आवरत नाहीये. आपण ज्याला खोगीरभरती म्हणतो, म्हणजे संख्या वाढवायला घातलेला निरुपयोगी माल, तो शब्द थेट तुमच्या गादीतून आलाय. खोगिरात चिंध्या, लोकर, जे हाताला लागेल ते कोंबायचे म्हणून ती भरती. आणि खोगिराला दुसरा शब्द जीन, फारसीतला. जीन करणारे ते जीनगर. पुढे घोडदळं गेली, पण त्या लोकांच्या हातात कला होती, मग ते चित्रं, मूर्ती, धातूकाम अशा कितीतरी कामांत शिरले.

---

मुळशीवाली | ८ जुलै

पंत, हे माहीतच नव्हतं! लेकीला आत्ताच वाचून दाखवलं, आता ती वर्गात सगळ्यांना खोगीरभरती म्हणत सुटणार.

टाके ताई, खूप आभार. आज रात्रीच वाकवायला बसते.

---

खडकीचा_फौजी | ९ जुलै

ताई, मी रिमाउंटमधून (लष्कराचं घोडे सांभाळणारं खातं) निवृत्त झालोय, आयुष्य घोडे आणि खोगिरं यांच्यातच गेलं. टाके ताईंनी चामड्याचं बरोबर सांगितलं, मी घोड्याच्या बाजूने सांगतो. जरा लांबेल.

सगळ्यात आधी आतला सांगाडा, म्हणजे ट्री, तपासा. कारागिराने बघितला असेलच, तरी आपण बघायचा. खोगीर मांडीवर आडवं घ्या, पुढच्या कमानीची दोन्ही टोकं हातात धरून आत दाबा, मग बाहेर ओढा. हालचाल किंवा टक् असा आवाज आला तर त्यावर कोणालाही बसवू नका. मग मागचा उंचवटा पोटाला लावून पुढचा आपल्याकडे ओढा. सीट थोडी स्प्रिंगसारखी लवली तर चालेल, पण एका बाजूला मुरडली किंवा सुरकुती आडवी तिरपी पडली तर सांगाडा गेला समजा.

दुसरं, एका बाजूला पट्टे तीन असतात आणि तंगाला बकल दोन. पुढचा पट्टा वेगळ्या नवारीवर (जाड विणलेल्या पट्टीवर) शिवलेला असतो, मधला आणि मागचा दोघे एकाच नवारीवर. म्हणून नेहमी पुढचा आणि उरलेल्यांपैकी एक असे दोन वापरायचे, मधला आणि मागचा एवढेच दोन कधीही नाही. एक नवार तुटली तरी दुसरी धरून ठेवते, त्यासाठीच ती सोय आहे. तुमच्या दुरुस्तीत पट्टे नवे आले पण नवारी जुन्याच राहिल्या का, हे कारागिराला नक्की विचारा. पट्टा नवा आणि नवार वीस वर्षांची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यातून घडलेला अपघातही पाहिलाय.

तिसरं, नवे पट्टे ताणतात, आणि सगळे सारखे ताणत नाहीत. आज स्टीलच्या पट्टीने प्रत्येकाची लांबी मोजून वहीत लिहा. पहिल्या दोन आठवड्यांत दर फेरीनंतर मोजा.

आता गाद्या. नवी लोकर फुगलेली असणारच, ती बसते. साधारण २० ते ३० तास स्वारी झाली की ती दबून घोडीच्या पाठीचा आकार घेते, आणि तेव्हा खोगीर परत दाखवायलाच लागतं, भर कमीजास्त करायला. म्हणजे दुरुस्ती अजून संपलेली नाही, अर्धी झालीय असं समजा.

पहिल्या आठवड्यात वीस वीस मिनिटं, चालीने आणि थोडी दुडकी. उडी नाही, भरधाव नाही. आधी दोन दिवस स्वाराशिवाय खोगीर घालून लांब दोरीवर फिरवा. तंग एकदम आवळू नका, दोन भोकं, पाच मिनिटं चाल, मग परत एक.

---

हडपसरी | ९ जुलै

फौजी काका, पट्टीने मोजून वहीत लिहिणं जरा जास्त नाही का होत? आम्ही लहानपणापासून शेतात घोडा ठेवलाय, वडील हात फिरवून सांगायचे.

---

खडकीचा_फौजी | ९ जुलै

तुमच्या वडिलांच्या हातात तीस वर्षांचं मोजमाप होतं भाऊ. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात ते यायचंय, तोवर वही.

---

माथेरानकर | ९ जुलै

पावसात भिजवा म्हणणाऱ्याचं ऐकू नका ताई. आमच्याकडे माथेरानला खाजगी मोटारींना बंदी, बरंचसं घोड्यावर आणि पायी, खोगीर रोज पावसात भिजतं, दुसरा इलाज नसतो. त्याने चामडं मऊ होत नाही, आतलं तेल पाण्याबरोबर निघून जातं आणि वाळल्यावर लाकूड होतं.

भिजलंच तर चूल, हीटर, ऊन, हेअर ड्रायर यातलं काही नाही. सावलीत, वाऱ्यावर, लाकडी घोडीवर (खोगीर ठेवायच्या स्टँडवर) ठेवून द्यायचं, एक दिवस लागो की तीन. मी पंधरा वर्षांचा असताना घाईत एक तंग चुलीच्या वळचणीला वाळत टाकला होता. दुसऱ्या दिवशी वर वर छान दिसत होता, पण वाकवला की आत बारीक चिरा. मी म्हटलं चालतंय. त्याच दिवशी उतारावर तुटला, मी घोड्यावरून खाली आणि खोगीर माझ्या अंगावर. वडिलांनी मारलं नाही, फक्त तो तुकडा खुंटीला टांगून ठेवला, दोन वर्षं तिथेच होता. अजून चामडं वाळत घालताना तो डोळ्यासमोर येतो.

थोडं ओलसर असतानाच बाम लावायचा, पूर्ण कोरडं झाल्यावर नाही. वाळताना जे निघून जातं ते असं परत भरून येतं.

---

वारीतला | ९ जुलै

विषय निघालाच आहे तर, दरवर्षी माउलींच्या पालखीला अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो आणि माउलींच्या अश्वावर कोणीच बसत नाही. रिंगणात तो धावला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मी एका वर्षी रिंगणाआधी अगदी जवळ होतो, त्या मोकळ्या अश्वाची पाठही सांभाळणारा माणूस तळहाताने किती वेळ चाचपत होता. ते आत्ता हे वाचताना आठवलं.

---

डॉ_खूर | १० जुलै

वारीतला, ते चाचपणंच सगळ्यात महत्त्वाचं. मी जनावरांची डॉक्टर आहे, पाठीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या निम्म्या घोड्यांचं कारण खोगीर असतं, आणि त्यातले बरेच “नुकतंच दुरुस्त केलं हो” वाले.

मुळशीवाली, तुम्ही लिहिलंय की खोगीर उंच बसतं आणि डुलतं. उंच बसणं लोकर बसली की जाईल. डुलण्याकडे लक्ष ठेवा. स्वारी झाली, खोगीर उतरवलं, की लगेच पाठ पुसू नका, आधी घामाचा ठसा बघा. मणक्यावरची मधली पट्टी कोरडी हवी आणि दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा. ओल्यामध्ये एखादा तळहाताएवढा किंवा वाटीएवढा कोरडा ठिपका दिसला तर दोन शक्यता, एकतर तिथे दाब इतका आहे की घामाच्या ग्रंथी दबल्यात, नाहीतर तिथे खोगीर टेकतच नाही. कुठलं ते हाताने कळतं. तो दाब महिनोन् महिने राहिला की तिथे पांढरे केस येतात आणि ते बहुतेक वेळा कायमचे. बाजारात घोडा विकायला येतो तेव्हा जाणकार लोक आधी तेच पांढरे ठिपके शोधतात.

आणि तारा काय सांगते ते ऐका. तंग आवळताना कान मागे टाकते का, चावायला वळते का, बसताना पाठ खाली घालते का. आधी करत नव्हती आणि आता करायला लागली तर ती खोडी काढत नाहीये, तिला दुखतंय.

---

सारंगखेड्याचा | १० जुलै

डॉक्टर ताई १००% बरोबर. सारंगखेड्याच्या यात्रेत आमचे आजोबा घोड्याच्या दाताआधी पाठ बघायचे.

---

शाकाहारी_पुणेकर | १० जुलै

एक शंका. दुकानात खोगिरासाठी म्हणून नीट्सफूट ऑइल देतात, ते कशाचं असतं? डब्यावर काहीच लिहिलेलं नाही.

---

टाके_घालणारी | १० जुलै

गुरांच्या पायांच्या नळ्या आणि खूर सोडून पाय उकळून काढतात ते. चामड्याला चांगलं मानवतं म्हणून शेकडो वर्षं वापरात आहे, पण नको असेल तर नका वापरू, मधमाश्यांचं मेण आणि वनस्पती तेल यांचा बाम मिळतो, मी तोच वापरते. फक्त जवसाचं तेल घेऊ नका. जवस वाळलं की त्याचा कडक थर होतो, म्हणून तर ते रंगात घालतात. त्याचे भिजलेले बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप पेटूही शकतात, तबेल्यात गवताशेजारी असलं काही नको. खोबरेल पुण्याच्या थंडीत गोठतं आणि खवट वास येतो.

---

चिंचोका | १० जुलै

आजोबा मोटेला एरंडेल लावायचे हे मात्र पक्कं आठवतंय.

---

टाके_घालणारी | १० जुलै

हो, कारण मोट दिवसभर पाण्यात आणि तिला मऊ, थुलथुलीतच राहायला हवं. तंगाचा पट्टा कोरडा, ताणात आणि जसाच्या तसा लांबीचा राहायला हवा. दोघांचं काम वेगळं म्हणून तेलही वेगळं.

---

चिंचोका | १० जुलै

हे पटलं. माझा मुद्दा मागे.

---

मुळशीवाली | १७ जुलै

सगळ्यांना आधी सांगते, सांगाडा तपासला, ठणठणीत आहे. नवारी विचारल्या, कारागीर म्हणाले पुढची बदलली, मागची चांगली होती म्हणून ठेवली. मी म्हटलं तीही बदला, तर म्हणाले आणून द्या, वेगळे पैसे नको.

पट्टे आता हाताने वाकतात, बकल सरकतं. दोन दिवस दोरीवर, मग पाच स्वाऱ्या, वीस वीस मिनिटं. वहीत लिहिलंय, डावीकडचा पुढचा पट्टा ६ मिलीमीटर लांबला, बाकीचे २ ते ३. फौजी काका, तुमच्या वहीने लेक आता इतकी रंगलीय की ताराच्या पाण्याच्या बादल्याही मोजते.

पण एक काळजी. काल घामाचा ठसा नीट बघितला. उजवीकडे छान सारखा, डावीकडे मागच्या बाजूला तळहाताएवढा कोरडा भाग. आणि तंग आवळताना तारा परवापासून कान मागे टाकतेय. लेक रडायला लागली, म्हणते मी तिला दुखवलं.

---

डॉ_खूर | १७ जुलै

लेकीला सांगा, तिने बघितलं म्हणूनच कळलं. जो असं बघतो त्याच्या हातून घोडा फार दिवस दुखावला जात नाही.

आता खोगीर पाठीवर ठेवा, जाड कापड न घालता, तंग न आवळता. डावा हात गादीखाली पुढून सरकवत मागे न्या. कोरड्या जागेवर हात आवळला गेला तर तिथे दाब आहे, मोकळा फिरला तर तिथे पोकळी. आणि तिथले केस विस्कटून उलटे झालेत का तेही बघा. तोवर त्या खोगिरावर स्वारी बंद.

---

मुळशीवाली | १७ जुलै

केलं. हात आवळतो. गादी बाहेरून दाबली तर आत लिंबाएवढी घट्ट गाठ लागते. उजवीकडे तशी नाही.

---

हडपसरी | १७ जुलै

मग पैसे परत मागा. पाच आठवडे लावून गाठ भरून दिली? असल्यांची नावं टाकली पाहिजेत इथे.

---

खडकीचा_फौजी | १८ जुलै

नाव कशाला भाऊ. हाताने लोकर भरताना एखादा पुंजका कमी पिंजला गेला की गाठ होते, ती काढता येते. नवार फुकट बदलून देणारा माणूस आहे, पळणारा नाही. ताई, मला एकच सांगा, त्यांनी तारा बघितली होती का?

---

मुळशीवाली | १८ जुलै

नाही. मी खोगीर रिक्षात टाकून दुकानात दिलं आणि तसंच घेऊन आले. मीच कधी म्हटलं नाही की येऊन बघा.

---

खडकीचा_फौजी | १८ जुलै

मग त्यांनी गाद्या दोन्ही बाजूंनी सारख्या भरल्या असणार, आणि घोडे दोन्ही बाजूंनी सारखे नसतात. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो. ज्याने घोडा बघितला नाही त्याने टेबलासाठी खोगीर भरलंय.

त्यांना तबेल्यात बोलवा, गाडीभाडं द्या. येणं जमत नसेल तर पाठीचा आकार कागदावर नेता येतो. ड्रॉइंगच्या सामानात वाकवू तशी राहणारी लवचीक पट्टी मिळते, लक्ष्मी रोडच्या आसपास कुठल्याही मोठ्या स्टेशनरी दुकानात विचारा. घोडी सपाट जमिनीवर चारही पाय सरळ ठेवून उभी करा, मान सरळ. खांद्याच्या हाडाच्या बरोबर मागे पट्टी आडवी दाबून बसवा, उचलून पुठ्ठ्यावर आकार काढा, डावं उजवं लिहा. मग खोगिराच्या मध्यावर, मग खोगीर संपतं तिथे, असे तीन. आणि एक लांबीचा, मणक्याच्या बाजूने. हे पुठ्ठे कापून दिले की कारागीर गादी त्यावर ठेवून बघू शकतो.

---

हडपसरी | १८ जुलै

काका, मी उगाच तापलो. आमच्या शेतातल्या घोड्याला कायम खाली दोन दोन गोधड्या घालायचो, पाठ बघायची कधी वेळच आली नाही.

---

डॉ_खूर | १८ जुलै

हडपसरी, त्यावर एक बोलते कारण खूप जण हेच करतात. खोगीर टोचतं म्हणून खाली जाड गादी घालणं म्हणजे बूट घट्ट होतोय म्हणून दोन मोजे घालणं. दाब वाढतो. पातळ, स्वच्छ, घाम शोषणारं सुती कापड पुरे, आणि ते मणक्यावरून वर कमानीत ओढून घ्यायचं म्हणजे ताणून बसत नाही.

---

नवी_मुंबईकर | २१ जुलै

हा धागा वाचून माझं कपाटातलं खोगीर काढलं, आठ महिने प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होतं. संपूर्ण हिरवं पांढरं झालंय. फेकू का?

---

टाके_घालणारी | २१ जुलै

फेकू नका! घराबाहेर न्या, तोंडाला रुमाल बांधा, मऊ ब्रशने बुरशी झाडा. मग अर्धं पाणी अर्धा पांढरा व्हिनेगर, फडकं घट्ट पिळून पुसा, सावलीत वाळवा. मग साबण, मग बाम. शिवणीतून आरी किंवा सुई हलकी ओढून बघा, दोरा कुजला असेल तर सहज तुटेल, मग आधी दुरुस्ती. आणि प्लॅस्टिक पावसाळ्यात कधीच नाही, आत ओल कोंडते. जुनी सुती साडी किंवा धोतर टाकून ठेवा, आणि बंद कपाटात नाही, वारा लागेल तिथे. पुण्यामुंबईत जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा कोरड्या फडक्याने पुसलं तरी निम्मं काम झालं.

---

पेठेतला_पंत | २१ जुलै

मला घोड्यातलं काही कळत नाही म्हणालो होतो पण रोज येऊन वाचतोय. ताराचं काय झालं?

---

मुळशीवाली | ३ ऑगस्ट

पंत, उशीर झाला, सांगते.

कारागीर स्वतः आले. साठीचे असतील, सोबत एक पिशवी, त्यात लांब आकडा आणि पिंजलेली लोकर. आल्या आल्या खोगिराला हात नाही लावला, आधी ताराच्या पाठीवर दोन्ही तळहात ठेवून उभे राहिले बराच वेळ. मग म्हणाले, डावा खांदा भरलेला आहे हिचा, हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. फौजी काका, अक्षरशः तुमचंच वाक्य.

गादीच्या वरच्या बाजूला एक छोटी चीर असते, तिथून आकडा घालून गाठ बाहेर काढली, हाताने पिंजली, थोडी परत घातली, उजवीकडे किंचित वाढवली. खोगीर घोडीवर ठेवून परत बघितलं, परत काढलं. असं चार वेळा. दीड तास लागला. दुसरी नवारही घेऊन गेले आणि बदलून दिली. लेक पूर्ण वेळ बाजूला बसून होती, शेवटी त्यांनी तिच्या हातात आकडा दिला आणि एक पुंजका तिला घालू दिला.

दोन आठवडे स्वारी बंद होती, नुसतं हाताने फिरवलं. आता चार स्वाऱ्या झाल्या. कालचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा. तंग आवळताना काल कान पुढेच होते.

---

डॉ_खूर | ३ ऑगस्ट

खूप बरं वाटलं वाचून.

---

माथेरानकर | ३ ऑगस्ट

त्या काकांना आमचा नमस्कार सांगा.

---

वारीतला | ४ ऑगस्ट

सगळं वाचलं पण पहिल्या पोस्टमधल्या करकरीचं काय झालं? त्याचं उत्तर कोणीच दिलं नाही!

---

हडपसरी | ४ ऑगस्ट

अरे हो! टाल्कम पावडर टाका, आमच्याकडे तेच करायचे.

---

खडकीचा_फौजी | ४ ऑगस्ट

माझ्याकडून राहून गेलं. हडपसरींचं बरोबर आहे, पण आधी आवाज कुठून येतो ते शोधा. एकाने खोगीर लाकडी घोडीवर धरावं, दुसऱ्याने एकेक भाग हलवावा. नव्या किंवा नुकत्याच साफ केलेल्या चामड्यात बहुतेक वेळा रिकिबीची (पाय ठेवायच्या कडीची) वादी जिथे वरच्या झालरीखाली घासते तिथून येतो. तिथे चिमूटभर टाल्कम, जास्तीचं झटकून. सीटखालून खोल आवाज आला तर मात्र पावडर नाही, कारागीर.

आणि रिकिबी जिथे अडकवतात त्या लोखंडी दांडीचं टोक वर वळवून बंद ठेवू नका, आडवंच राहू द्या. मुलगी पडलीच तर वादी सुटून निघाली पाहिजे.

---

मुळशीवाली | ९ ऑगस्ट

करकर झालरीखालचीच होती! पावडरीने गेली. तारालाही सवय झाली होती बहुतेक, आवाज बंद झाला तर पहिल्या फेरीत वळून वळून बघत होती.

पट्ट्यांचं ताणणं थांबलंय, गेल्या दोन आठवड्यांत सगळे १ मिलीमीटरच्या आत. २५ तास भरायला अजून महिना लागेल, तेव्हा काका परत येणार आहेत, तारीख ठरली.

काल मामांना फोटो पाठवले, त्यांचा फोन आला, मला वाटलं शाबासकी द्यायला केला असेल, तर त्यांचा पहिला प्रश्न, रिकिबीच्या वाद्या डाव्या उजव्या अदलाबदल करता का? चढताना नेहमी डाव्या बाजूने, म्हणून डावी जास्त ताणते म्हणे. मी वही उघडली. खरंच डावी ८ मिलीमीटरने लांब.

---

खडकीचा_फौजी | ९ ऑगस्ट

दर रविवारी बदला. आणि चढताना खाली स्टूल ठेवा, वादीही वाचेल, सांगाडाही आणि ताराची पाठही. मामांना माझा सलाम सांगा.